लेझरचा कौल

८ सप्टेंबर
कुडाळच्या डॉक्टरांनी डॉपलर काढला. डाव्या पायाच्या शिरा फार वाईट. व्हॉल्व्ह निकामी झालेत, रक्त वर चढतच नाही. घोट्याजवळचा काळा डाग कधीही फुटेल म्हणाले. उपाय लेझर. कापाकापी नाही, बारीक सुई, संध्याकाळी आपल्या पायांनी घरी. चाळीस वर्षं गाभाऱ्यात अनवाणी उभं राहिल्याचं हे बक्षीस, असंही म्हणाले. विनोद आवडला नाही.
ठरलं. लेझर करायचं. मी घाबरणारा माणूस नाही.

१० सप्टेंबर, सकाळी ७
एवढी मोठी गोष्ट देवीला विचारल्याशिवाय कशी करणार? गावात म्हैस विकायची तरी लोक कौल घेतात, आणि कौल लावणारा गुरव मीच. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घालून विचारलं, लेझर करू? उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. अर्ध्या मिनिटात.
जरा जास्तच लवकर. पाकळी फार ओली असणार.

१२ सप्टेंबर
पाकळ्या पंच्याने टिपून लावल्या. उजवी.
लेझर नवरात्रानंतर. सारिकाला फोन करून कळवलं. मुलगी माझी, बांद्याला दिलीय, शाळेत शिकवते. म्हणाली, बाबानू, देवीन दोनदा सांगल्यान, आता आणि कित्याक थांबतास? जगातली सगळी माणसं तिला तिसरी ब मधली वाटतात.

३ ऑक्टोबर
नवरात्र पार पडलं. रोज सात-आठ तास उभा. डॉक्टरांनी दिलेला स्टॉकिंग घातला नाही. सोवळ्याखाली मोजा घालून देवीसमोर कसा उभा राहू? कपाटात नीट घडी करून ठेवलाय. रात्री पाय उशीवर ठेवतो, म्हणजे उपचार चालूच आहेत.
चुलतभाऊ बाळा म्हणाला, लवूदादा, चार दिस मी उभो रवतंय, तू जावन ये. याला माझी जागा पाहिजे. मला सगळं कळतं.

१९ ऑक्टोबर
प्रश्न बदलून पाहिला. कुडाळलाच करू? उजवी. याच महिन्यात? उजवी. एरवी लोकांना तासभर ताटकळत ठेवणारी देवी, माझ्याच बाबतीत एवढी घाई का?
दिवाळी होऊ दे.

५ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न एकट्यानेच लावलं. बायको, तुळसा, जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या पिशवीचं ऑपरेशन होतं. तेव्हाही कौल मीच लावला होता. उजवी पडली होती. स्वच्छ उजवी. तुळसा निर्धास्त गेली आणि तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून परत आली, झाकलेली.
याचा लेझरशी काही संबंध नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

२८ नोव्हेंबर
डाग फुटला. पाणी येतं, माशा बसतात. हळद दाबली. कुडाळहून दोनदा फोन आला, उचलला नाही. आमच्याकडे नेटवर्क नसतं हे त्यांना माहीत असेलच.
जत्रा तोंडावर आहे. जत्रा झाली की लगेच. आता मात्र पक्कं.

९ डिसेंबर
जत्रा. गाऱ्हाणं अर्ध्यावर असताना पाय धरला गेला. पोटरी दगडासारखी घट्ट. खालीच बसलो. पुढचं गाऱ्हाणं बाळाने घातलं. एक शब्द चुकला नाही त्याचा. कुठे शिकला कोण जाणे.

११ डिसेंबर, दुपार
सारिका आलीय. फाईल मांडीवर घेऊन समोर बसली. विचारलं, देवी होय म्हणता, डॉक्टर होय म्हणता, तुमचा घोडा खंय अडता?
लिहूनच टाकतो. तुळसाच्या वेळी डावी पडली होती. परत लावली, परत डावी. पण रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती, ऑपरेशन केल्याशिवाय वाचणार नाही असं डॉक्टर म्हणत होते, आणि मला ती हवी होती. मी वळून सगळ्यांना सांगितलं, उजवी. चाळीस वर्षांत एकदाच खोटं बोललो. आता देवी मला उजवी देते तेव्हा मला वाटतं, तीही तसंच करतेय माझ्याशी. म्हणून भीती वाटते. फार भीती वाटते.
हे सगळं सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, आयेक ठावक होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुळसाने तिला सांगितलं होतं, डावी पडलेली मिया बघलंय, पण तेंका मी व्हयी आसंय, म्हणान जातंय.
मला ती हवी होती म्हणून डावी पाहूनही ती गेली, आणि सहा वर्षं या पोरीने हे पोटात ठेवलं. आम्ही दोघंही खूप रडलो. तिला मिठी मारायची होती, पण पाय उचलेना, मग तीच जवळ आली.
उद्या कुडाळ. कौल नाही, काही नाही. लेझर करून टाकायचं.

१२ डिसेंबर
लेझर झालं नाही. आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या, सहा महिने लेझरचं नाव काढायचं नाही. सप्टेंबरात लेझरला आला असतात तर त्याच संध्याकाळी चालत गेला असतात, डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
गाभाऱ्यात तासन्‌तास उभं राहणं कायमचं बंद. मी विचारलं, कायमचं म्हणजे साधारण किती दिवस? ते सारिकाकडे बघत राहिले.

४ जानेवारी
सभामंडपात खुर्ची टाकून बसतो. पाय स्टुलावर, स्टॉकिंग घातलेला. आत बाळा उभा असतो. चांगलं करतो तो. त्याचं वाईट वाटायला नको, पण वाटतं.
आज वेंगुर्ल्याहून एक बाई आली, हातात नवऱ्याची फाईल. कौल खंय लावतत, असं मला विचारलं. डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. ऑपरेशन लगेच करूक व्हया म्हणतत, ती म्हणाली. मग देवीला नमस्कार करा आणि तशाच दवाखान्यात जा, एक दिवससुद्धा थांबू नका, मी म्हटलं. तिने मला खालून वर पाहिलं. तुमी कोण, तिने विचारलं.
पेशंट, मी सांगितलं.
ती कौलाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.