सासूबाईंचा क्लोजअप

४ मार्च १९८४, रविवार
सटाण्याहून सासूबाई आल्या. कुरडया, पापड आणि एक कामगिरी घेऊन. मी गावाबाहेरच्या अंबडच्या कारखान्यातली ड्रॉइंगची नोकरी सोडून सिनेमा काढतोय, ते खूळ उतरवायचं. साहेब अजून परत घ्यायला तयार आहेत, हीच पंचाईत.
जावयाशी थेट बोलणं त्यांच्या रीतीत नाही. डोक्यावर पदर घेऊन सगळं बायकोला, म्हणजे सु.ला, सांगतात, मी समोर बसलेला असताना. "सुनंदा, त्यासले ईचार, सिनेमावर पोट भरस का?" सु. तेच मराठीत मला विचारते. माझं उत्तर अहिराणीत परत. घरात दुभाषी असलेला मी नाशकातला एकटाच जावई असेन.

७ मार्च
सिनेमात म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी ऐनवेळी टांग दिली. मुलीचं लग्न ठरलं म्हणे. शूटिंग रविवारी, चांदवडला. कॅमेरा भाड्याचा, फिल्म जेमतेम एका टेकपुरती. डोकं धरून बसलो होतो, तर समोर सासूबाई उन्हात तांदूळ निवडत होत्या. काय चेहरा!
सु.मार्फत विचारलं. सु.मार्फत नकार. संध्याकाळी सु.मार्फत अट: काम करते, पण सिनेमा दाखवून झाला की दुसऱ्या दिवशी जावई अंबडला. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

११ मार्च, चांदवड
कांद्याचं खळं. म्हातारी शहरात गेलेल्या मुलाची वाट बघते. एकच वाक्य: "माझा मुलगा येणार आहे." कॅमेरा इतका खडखडतो, की आवाज नंतरच भरायचा.
मी डोळा लावला, म्हणालो, "हं, बोला." सासूबाईंनी पदर मागे सारला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. ओठ हलले. डोळे भरून आले. माझ्या अंगावर काटा!
सगळा सिनेमा या शॉटवर उभा राहणार. आनंदात सगळ्यांना भेळ.

२ एप्रिल
मुंबईहून प्रिंट आली. घरच्या भिंतीवरच बघितली. शॉट सोनं आहे. फक्त ओठ आणि वाक्य जुळत नाहीत. सु.ला बसवलं, आईचे ओठ तिला कळतील म्हणून. एकदा बघितलं, तोंडात पदर कोंबला आणि हसत सुटली.
"सांग की."
"राहू द्या."
"सुनंदा!"
"आई म्हणतेय, मना जवाई येडा शे."
माझ्या सिनेमाचा कळस: माझा जावई वेडा आहे! आणि डोळ्यांतलं पाणी? आत जाऊन विचारून आली. कांद्याचं.
जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

१० एप्रिल, मुंबई
डबिंग. आवाजाच्या बाई चांगल्या होत्या, पण "माझा मुलगा येणार आहे" काही बसेना. म्हातारीचे ओठ मिटले तरी वाक्य चालूच. पोटातून बोलल्यासारखं. साउंडवाला हसू दाबत म्हणाला, "मूळ बाईंनाच आणा ना."

२२ एप्रिल, मुंबई
सासूबाई माइकपुढे. पदरावरून हेडफोन. मी सु.ला: "त्यांना सांग, जावई नको. तिथे मुलगा पाहिजे." सु.नं सांगितलं. सासूबाईंनी पडद्यावर स्वतःकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या,
"मना पोऱ्या येडा शे."
बसलं! किंचित मागेपुढे, पण बसलं. माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं. हे मोठ्यानं कबूल करायला मला परतीच्या गाडीत इगतपुरी यावी लागली. सु.नं समोर बसलेल्या आईला ते सांगितलंच नाही. म्हणाली, "तिला कळलंय."

६ मे, रविवार
आज खेळ. निम्मा हॉल भरला, त्यातले निम्मे सु. शिकवते त्या शाळेतले. मधे एक गृहस्थ घोरत होते. दोघे उठून गेले. हा सिनेमा पडला तर अंबड, आणि चालला तरी अंबडच, शब्द दिलाय.
क्लोजअप आला. हॉल चिडीचूप. घोरणंसुद्धा थांबलं. पडद्यावरून "मना पोऱ्या येडा शे", आणि त्याच वेळी एक खुर्ची सोडून, अंधारात, हळूच, "मना जवाई येडा शे."
वाकून बघितलं. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. हॉलमध्ये कांदे नव्हते.
शेवटी टाळ्या पडल्या. बाहेर टांग्यात बसता बसता सासूबाई: "सुनंदा, त्यासले सांग, अंबड भलतं दूर शे."
उद्या सोमवार. म्हणजे लवकर निघा, की जाऊच नका? सु.ला विचारलं, तर दुभाषी म्हणाली, "हे तिलाच विचारा."