उन्नतीचा बाप मी कसा झालो

सातिवली, वसई (पूर्व)
जानेवारी २००१, रविवार

ती. सौ. मनोरमाआत्येस,

साष्टांग घालायला आमच्या खोलीत जागा नाही, तेव्हा श्रीपतचा उभ्यानेच नमस्कार. तुझे गुडघे आणि गोठ्यातली पाडी कशी आहे ते कळव. मी मजेत आहे. सातवीनंतर शाळेने मला ठेवून घेतलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

पुन्हा कंपनी बदललीस का, असं तू विचारशील. (हो, पण एकदाच.) आता कुकरच्या मुठी बनवतो. हीही कंपनी सोडून वापीला जायचं मनात होतं, तेवढ्यात मी बाप झालो. घाबरू नकोस, पुढे वाच.

आमच्या चाळीजवळ गोडाऊनच्या रिकाम्या गाळ्यात लिडियाटीचर बालवाडी चालवते. (बाई इथल्याच गावातली, किरिस्ताव, पण रागावली की थेट आपले आजोबा.) चाळीतल्या बाया तिच्या भरवशावर पोरं ठेवून कंपनीत पॅकिंगला जातात. आता गाळ्याच्या मालकाला भाडं हवंसं झालं. भाडं नाही तर बालवाडी बंद, आणि बालवाडी बंद तर बायांचं काम बंद. मुंबईची एक संस्था पैसे द्यायला तयार होती, पण तिचं म्हणणं, नुसती पोरं सांभाळून भागत नाही, आईबापही शहाणे व्हायला हवेत. आणि पाहणीला बाप हजर पाहिजेत. आता बाप आणायचे कुठून? सगळे पहिल्या पाळीला. माझी दुसरी पाळी, म्हणून मी बाहेर खाटेवर लोळत होतो.

"श्रीपत, रिकामाच हाय ना? चल, उन्नतीचा बाप होऊन बस," टीचर म्हणाली. (उन्नती ही शेजारच्या कृष्णाची चार वर्षांची मुलगी.)

"बाप कसा बसतो?"

"काय बोलत नाय, तसा."

नेमकं तेवढंच जमलं नाही. संस्थेच्या सुरुचीमॅडमनी विचारलं, मुलीसाठी तुम्ही काय करता? मी म्हटलं, वेण्या घालतो (एकदा घातल्या होत्या, सोडवायला तिच्या आईची अख्खी सुट्टी गेली), गोष्टी सांगतो, तिच्यासाठी दारू सोडली. (घेत कधीच नव्हतो, पण सोडल्याशिवाय बाप शोभत नाही.) मॅडम खूश. इतक्यात उन्नतीने माझा कान ओढला आणि गाळाभर ऐकू जाईल असं विचारलं, "काका, माझी खारी तू का खाल्लीस?"

मॅडमनी चष्मा काढला. मला तर कृष्णाची बायको काम सोडून घरी बसलेली दिसायला लागली. मग टीचर शांतपणे म्हणाली, "ह्यांच्यात बापाला काकाच म्हनतात, मॅडम. एकत्र कुटुंब ना. चुलत भावंडं म्हनतात तेच पोर म्हनते." मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, "आम्हीपण वडिलांना काकाच म्हणायचो." पैसे मंजूर!

वर मला पालक समितीचा अध्यक्ष केलं. आता सुट्टीच्या दिवशी मी बापांची सभा घेतो. पोरांशी कसं बोलावं ते मी सांगतो, आणि तेही ऐकतात! मागच्या खेपेला दोन बापांनी पोरांना आंघोळ घातली (एकाने दुसऱ्याच्या पोराला). बाया तर आता सुपरवायझरला तोंडावर विचारतात, पाळी न विचारता का बदलली म्हणून. कृष्णा तेवढा मागे तोंड फुगवून बसतो. "तू बाप, तर मी कोण रे?" म्हटलं, तू मामा. "आणि माझी बायको?" म्हटलं, नातं इथेच थांबवू. वापीचा विचार मी सोडलाय. बरं वाटतं गं इथे.

थोरांना नमस्कार, लहानांचे पापे.

तुझा (तूर्त एका मुलीचा बाप)
श्रीपत

ता. क. : संस्थेने माझा आणि उन्नतीचा फोटो पेपरात दिला, खाली 'आदर्श पिता'. तू माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीचा मामा इथे एव्हरशाईन सिटीत राहतो. त्याने तो कापून गावी धाडलाय. तर हे पत्र मिळताच मुलीच्या घरी जा आणि शपथेवर सांग की पोर कृष्णाची आहे. पण हळू आवाजात सांग, मॅडमच्या कानावर जायला नको.

आणखी एक : होळीनंतर मॅडम पुन्हा येणार आहेत. या वेळी त्यांना उन्नतीची आईही अध्यक्षांच्या शेजारी बसलेली बघायची आहे. कृष्णा बायको द्यायला तयार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून मुलीकडच्यांचा राग उतरला की लगेच विचार, होळीच्या आधी एखादा मुहूर्त निघतो का. आणि मुलीला बाजूला घेऊन विचार, तिला काकी म्हटलेलं चालेल का.