नवरीच्या झग्यात टाचलेला केस

१२ जून
पॅरिसमध्ये काम मिळालं! मोस्यू लिसांद्रच्या शिवणघरात, हातशिलाईचं. मोठ्या खिडक्या, पांढरे डगले, कॉफीचा वास. माझा नवरा आन्सेल्म गेल्यापासून इतक्या माणसांत बसलेच नव्हते.

मोस्यू जांभळी पिसं लावून आले. लोकांना डिवचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही; मागच्या फॅशन शोला मुली शवपेट्यांतून बाहेर काढल्या होत्या, म्हणे. यंदाचा शो सेन नदीच्या घाटावर, शेवटी येणार बुडालेली नवरी. माझ्या बोटाला सुई टोचली. आन्सेल्म याच नदीत मालबोट चालवायचा. दोरखंडात त्याची करंगळी गेली, तरी हसला होता. मग नदीनं त्यालाच नेलं. सापडला तेव्हा चेहरा, हात काही उरलं नव्हतं, कोटावरून ओळखला.

१८ जून
नवरीच्या झग्याची खालची दुमड माझ्याकडे आली. इथली रीत अशी की, आपलंही लग्न जुळावं म्हणून शिवणाऱ्या पोरी तिच्यात स्वतःचा एक केस टाचतात. आमची मुख्य, मादाम इर्मा, म्हणाली, टाक गं तूही, कुणी आंधळा गावेल एखादा. सगळ्या खिदळल्या. मला दुसरा नको होता. त्या प्रेताचा केस मी लॉकेटात जपला होता, तोच टाचला. बरं वाटलं.

२३ जून
दुमड ओली. नदीचा वास. इर्मानं सगळ्यांना झापलं, पाणी कुणी सांडलं म्हणून. मोस्यूंनी मात्र टाळ्या पिटल्या. पोरींनो, म्हणाले, झगा आपणहून बुडतोय, कुणी हात लावायचा नाही!

२६ जून
झगा घालणारी कोलाँब एकोणीस वर्षांची आहे. आज अंगावर चढवताच किंचाळली. मावशी, म्हणाली, खालून कुणीतरी पाय धरतंय. घोट्यावर निळे वळ होते.
आन्सेल्म, तिला नको.

२८ जून
मोस्यूंना सगळं सांगितलं. ते खूश झाले. घाटावर हीच गोष्ट सांगतो, म्हणाले, पेपरवाले वेडे होतील.

३० जून
लपून दुमड उसवली. मी एकच केस टाचला होता. ओंजळभर निघाले. ओढते तसे येतातच आहेत —

१ जुलै
घाट. तंबू. पाणी पायरीला लागलंय. कोलाँब रडत होती. तिला मागच्या वाटेनं घरी पिटाळलं. झगा मी घातला. मला अगदी बेतून शिवल्यासारखा —

बाहेर बँड वाजतोय. इर्मा हाका मारतेय.

हात आला. थंड. भिऊ नको, मी स्वतःला म्हणते, आपलाच माणूस आहे. आन्सेल्म, मी —

पाच बोटं.

करंगळी आहे याला. आन्सेल्मची तर — मग मी कुणाचा केस —

ओढतोय, हा कोण