तासाची घंटा

लातूर, ४ जानेवारी १९९८

ति. राघवदादास,
धाकट्या सुकन्याचा शि. सा. नमस्कार.

तू दिलेला जुना कम्प्युटर लई छळून राहिला रे. काल एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका छापायला लावली अन् तेवढ्यात एका बाईंच्या प्रबंधाचं पान उघडलं, तर सगळंच ठप्प! शेवटी बटण बंद केलं. प्रबंधाची अकरा पानं गेली. मला रडूच आलं.

आता आईचं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, महिन्याच्या आत ऑपरेशन करा. पण आई म्हणते, राघू उशाशी असल्याबिगर टेबलावर झोपणार न्हाई. नाना गेले तेव्हा बापाला खांदा द्यायला तू पोचला नव्हतास, ते तिच्या मनातून जात नाही. दोन दिवस काढ अन् ये. तुझी पत्रं ती अजून खिडकीत धरून स्वतःच वाचते. मोठ्या अक्षरात लिहीत जा.

तुझी वाट पाहणारी,
सुकन्या

विष्णुपुरी, नांदेड, १३ जानेवारी

चि. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद.

मशीन बिघडलेलं नाही, त्याची रीतच तशी. समज, कम्प्युटर म्हणजे एकच वर्गखोली अन् त्यातली कामं म्हणजे चार मास्तर. घंटाच नाही. आतल्या मास्तराने आपणहून खडू खाली ठेवला तरच दुसऱ्याला तास मिळतो. तो शिकवतच बसला तर बाकीचे व्हरांड्यात उभे. तुझ्या छपाईने खडू ठेवला नाही, एवढंच. नव्या सिस्टीममध्ये घंटा असते. वाक्य अर्धं राहिलं तरी मास्तर बाहेर; पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं. तोवर दर दोन पानांनी सेव्ह करत जा, वेंधळे!

आईला सांग, कॉलेजात नवी लॅब मांडून राहिलो, तपासणीला समिती येतेय. हातातलं संपलं की निघालोच.

तुम्हां दोघींचा,
राघवेंद्र

लातूर, ९ फेब्रुवारी

ति. दादास शि. सा. नमस्कार.

तुझे मास्तर पटले. आता छपाई चालू असली की मी हात बांधून बसते.

समिती येऊन गेली असेल ना? ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली, डॉक्टर माझ्यावरच चिडले. परवा आईने चहा कपाबाहेर ओतला अन् कपच हलला म्हणून हसली. मला काही हसू आलं नाही. तुला फोन करायला एसटीडी बूथवर निघाले होते, तर तिने शपथ घातली. त्याला त्याच्या मनाने येऊ दे, ओढून आणायचं न्हाई, म्हणाली. मी चप्पल काढून ठेवली. ये रे दादा, मला भीती वाटतेय.

तुझी,
सुकन्या

विष्णुपुरी, २५ फेब्रुवारी

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

समितीने त्रुटी काढल्या, त्या निस्तरतोय. होळीला नक्की येतो. सोबत आईसाठी मोठ्या अक्षरात वेगळा कागद घातलाय. तिला एकटीला वाचू दे.

राघवेंद्र

लातूर, ३ मार्च

दादास नमस्कार.

गेल्या शुक्रवारी आईचं ऑपरेशन झालं. त्या सकाळी ती दार समजून भिंतीला धडकली. मग मी तुझी वाट पाहिली नाही, तुला विचारलं नाही, तिलाही नाही, सरळ रिक्षात बसवलं. पण उशीर झाला होता. डाव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो, उजव्याला तेवढाही नाही. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले.

तू खडू ठेवला नाहीस, हे खरं. मला तुझा राग आलाय, लई आलाय. पण घंटा माझ्या हातात होती अन् दोन महिने मी व्हरांड्यात उभी राहिले. ते मला जन्मभर डाचणार.

काल तुझं पाकीट आलं. राघूचा कागद आलाय म्हटल्यावर आईने टेबल चाचपलं, कागद उचलला अन् खिडकीत जाऊन बराच वेळ डोळ्यांपुढे धरून बसली. मग घडी घालून म्हणाली, अक्षर लई छान काढलंय पोरानं. तिच्या हातात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं.

तुझा कागद पाकिटातच आहे. मी वाचून दाखवणार नाही. होळीपर्यंत थांबू नकोस, येऊन तूच वाच.

सुकन्या