तू वाचून न दाखवलेलं प्रकरण

आई, ती बाई परत जाते. एसटी स्टँडवर उतरते, बाकड्यावर बसून एक चहा पिते आणि पुढच्याच गाडीने माघारी जाते. नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवते आणि कादंबरी संपते. लेखकाला तिच्या सोशिकपणाचं कोण कौतुक, शेवटची दोन पानं नुसती त्यातच खर्ची घातली आहेत. इथे खारघरला आमच्या सोसायटीत वाचनकट्टा आहे. 'माझ्यावर सर्वाधिक परिणाम करणारं पुस्तक' असा यावेळचा विषय निघाला आणि मी बेधडक या कादंबरीचं नाव देऊन टाकलं. लहानपणी तुझ्या तोंडून ऐकलेली, स्वतः कधी वाचलेली नाही. बोलायच्या आधी एकदा नजर टाकावी म्हणून वाचनालयातून आणली आणि शेवट वाचून सोफ्यावर आपटली. वाटलं, बांधणीत पानं इकडची तिकडे झाली असतील. पुन्हा उचलून वाचलं. नाही, परतच जाते.

तू सांगितलं होतंस की ती बालवाडीत नोकरी धरते. भाड्याची खोली घेते, स्टोव्ह आणते आणि पहिल्या संध्याकाळी फक्त स्वतःपुरता भात लावते. त्या स्वतःपुरत्या भाताची आख्ख्या पुस्तकात कुठे वाफसुद्धा नाही.

तुर्भ्याची आपली खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. दुपारची जेवणं उरकली आहेत, मध्ये बाजारातून सोलायला आणलेलं लसणाचं पोतं आणि भोवती तुम्ही बायका. वाचनालयाची वर्गणी सगळ्यांत मिळून एकच. दहावीपर्यंत शिकलेली तू एकटी, म्हणून वाचायचं तू आणि तुझ्या वाटणीचा लसूण बाकीच्यांनी सोलायचा, असा तुमचा ठराव. तुझ्या अगदी समोर शेजारची साताऱ्याकडची काकू बसते. तिचा नवरा बाजारात माथाडी, आणि भिंत पातळ, त्यामुळे तिच्या घरात काय चालतं ते आपल्याला सांगावं लागत नाही. मी दाराशी अभ्यासाचं सोंग घेऊन बसलेली. कादंबरीतली ती बाई घर सोडते तेव्हा काकूचे हात थांबतात. तू वर बघतेस, पुन्हा पुस्तकात बघतेस आणि वाचत राहतेस. मी पाढे लिहायचे सोडून ऐकत राहते.

पुढे माझं लग्न झालं, आणि माझ्यावरही तीच वेळ आली. किती माणसांनी मला विचारलं की एवढं धाडस आलं कुठून. आलं कुठून म्हणजे, ती जाऊ शकते तर मी का नाही? मी बॅग घेऊन तुझ्या दारात उभी राहिले, आणि तू काय म्हणालीस आठवतं? "असं कोणी घर सोडतं का? सकाळी जा परत." मी म्हटलं, "आई, ती नाही का गेली?" तू म्हणालीस, "ती कोण?" मी आठवण करून दिली, तर तू हात झटकलास. "अगं, ती पुस्तकातली." मी परत गेले नाही, तूही पुन्हा जा म्हणाली नाहीस, पण आपण दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. आणि मग बोलायला तू उरली नाहीस.

तू गेल्यापासून मी कादंबऱ्या सोडून आत्मचरित्रांच्या मागे लागले होते. म्हटलं, इथे तरी कोणी थापा मारणार नाही. तर तिथे वेगळीच तऱ्हा. थोर माणसाचं चारशे पानी आयुष्य आणि त्यात बायको एका परिच्छेदात, 'तिच्या खंबीर साथीमुळे' एवढ्यावर संपते. बायकांनी लिहिलेली वाचली, तर ऐन जखमेपाशी आल्यावर त्या प्रकरण बदलून मुलांच्या शाळाप्रवेशावर जातात. जिथे खरं हवं तिथेच सगळ्यांची लेखणी आखडते. मला त्यांना हात धरून ओढत मागे न्यावंसं वाटतं.

शेवटी गेल्या रविवारी तावातावाने ती कादंबरी घेऊन खांदेश्वरला काकूकडे गेले. आता मुलाकडे असते, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. म्हटलं, काकू, आईने आपल्याला फसवलं. ती हसली. "मला तवाच ठावं हुतं. लबाड बोलाय लागली की तुझी आई पान उलटायचं इसरायची. त्या दिशी तासभर एकाच पानावर हुती." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? "कशाला बोलू? माझ्यापायी सांगत हुती बिचारी. ऐकाय बरं वाटत हुतं."

"आणि तुम्ही गेला का नाहीत?"

"दोन पोरं पदरात, कुठं जाऊ? तू ऐकतियास ते तिला कुठं ठावं."

म्हणजे तो शेवट माझा नव्हताच. जिच्यासाठी रचलास ती जागची हलली नाही, आणि दाराशी बसून चोरून ऐकणारी मी त्याच्या भरवशावर आयुष्य उचलून निघाले. मला राग कशाचा येतोय हे अजून धड सांगता येत नाही. खोटं सांगितलंस याचा नाही. ज्या तोंडाने कादंबरीतल्या बाईला घराबाहेर काढलंस त्याच तोंडाने मला "परत जा" म्हणालीस याचा येतो. आणि "ती कोण" याचा तर फारच.

काल कट्टा झाला. खरा शेवट सांगून लेखकाचा खरपूस समाचार घ्यायचा, असं ठरवून गेले होते. समोर दुसऱ्या विंगमधली नवीन मुलगी बसली होती. लग्नाला वर्षही झालेलं नसेल, आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. मी सांगत गेले. बालवाडी आली, खोली आली, स्टोव्ह आला. भाताशी पोचले तेव्हा एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मी वाचलीय ही. माझ्या पुस्तकात तर ती परत जाते."

मी म्हटलं, "आमच्या घरी जुनी आवृत्ती होती."

मुलीने माझ्याकडे बघितलं. पुस्तक माझ्या हातात उघडंच होतं, आणि पान उलटायचं मी विसरले नव्हते, आई. मुद्दाम उलटत होते.