बाबांची दाढी

प्रिय रुद्रेशदादा,

हे पत्र मी तुझ्या बोटीवर पाठवणार नाही, कारण बाबांनी शपथ घातली आहे. मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. तू नोकरी अर्ध्यावर सोडून येशील, म्हणून मी फोनवर गप्प राहिले.

जन्मभर स्वतःच्या वस्तऱ्याने दाढी केलेला माणूस न्हाव्याकडे जाईना, आणि वाढलेली दाढी घेऊन घराबाहेरही पडेना. शेवटी वस्तरा मीच हाती घेतला. महिनाभर फुग्यावर साबण लावून शिकले. कितीतरी फुगे फुटले.

काल त्यांना खुर्चीत बसवलं. गळ्यापाशी वस्तरा लागला आणि जरासं रक्त आलं. मी वस्तरा खाली ठेवला.

"उचल तो. कातडी ताण आनी कर," बाबा म्हणाले.

मी दाढी पुरी केली.

संध्याकाळी ते माझ्या आधाराने पार्सेच्या बाजारात आले, आजारपणानंतर पहिल्यांदाच. दुकानदाराने त्यांचे गुळगुळीत गाल बघून विचारलं, "बाबलीबाब, न्हावी खंयचो?"

"माझ्या चेडवान केल्यान," बाबा माझ्याकडे मान करून म्हणाले. मग ज्यांनी विचारलं नव्हतं, त्यांनाही थांबवून गाल दाखवत राहिले.

तुझी धाकटी बहीण,
गौरवी