खाणारी तोंडं पाच

माय,

आधी माझ्या हातानं केलेल्या वस्तू सांगतो, कारण तू गेल्यावर त्यांत भर पडली आहे. ॲम्प्लिफायर तीन. पहिला तुला ठाऊक आहे, भंगारातल्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवर बांधलेला. त्याच्यावर तू भाकरीचं टोपलं ठेवलंस आणि वर म्हणालीस, ऊब चांगली धरतंय की रे. स्पीकरचे खोके आठ, चहाच्या पेट्यांच्या फळ्यांचे. आतून गोधडीच्या चिंध्या ठोकल्या आहेत म्हणून आवाज घुमत नाही. माईकचे स्टँड सायकलच्या पंपाच्या नळीचे, बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी बरोबर येतील असे. सागवानी खुर्च्या दोन, एक पाहुण्याची आणि एक त्याच्याशी बोलणाऱ्याची. दोन्हींच्या उंचीत एका सुताचा फरक नाही, हवं तर मोजून घे. आणि विहाराच्या मागचा ओटा, त्याच्यावरच्या शहाबादी फरशा मी एकट्यानं बसवल्या. हे मला कुणी शिकवलं नाही. उदगीरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाबाहेर उभा राहून बघायचो, घरी येऊन करायचो, जळायचं, परत करायचो. आता शिकून आलेले इंजिनियर विचारतात, हे कसं जमवलं. मी सांगतो. पण सावकाश सांगतो.

लिहायला बसलो ते तुझ्या आवाजापायी. गेल्या महिन्यात पुण्याहून एकजण आला होता. तिशीतला, बोलायला गोड, मला काका म्हणायचा. जात, वंश, रंग यांच्यापायी ज्यांना सोसावं लागलं त्यांच्या मनात काय चालतं, यावर देशोदेशीच्या आवाजांचा एक कार्यक्रम करून राहिलेत ते लोक. आपल्या ओट्यावर इतकी वर्षं जी जाहीर बोलणी झाली, त्यांच्या कॅसेटी माझ्याकडं आहेत हे त्याला कुठून तरी कळलं. सगळ्या ऐकल्या त्यानं, कंटाळला नाही, हे मान्य करायला पाहिजे. आणि शेवटी मागितली ती एकच, तुझी. तीसुद्धा पुरी नाही, तुझ्या बोलण्यातला ओंजळीचा तेवढा भाग. उरलेलं पुन्हा कुणाला ऐकवायचं नाही, असं मी कागदावर लिहून द्यायचं. म्हणजे तू जगाला ऐकू येणार, पण तेवढीच. तेव्हापासून माझ्या डोक्यात तुझं बोलणं सुरूच आहे. म्हटलं, जिचं आहे तिलाच सांगावं.

बहात्तरच्या दुष्काळाचं मला फार आठवत नाही. जळकोटच्या बाजूला आपल्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि तू आणि बाबा तिथं खडी फोडायला जायचात, एवढं आठवतं. आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, घशाखाली जायची नाही म्हणून तू तिच्यावर मिरचीचं पाणी शिंपडायचीस. कामावर नाव लावायची रीत मात्र तू इतक्यांदा सांगितलीस की ती मला पाहिल्यासारखी वाटते. मुकादम बोट करील त्यानं उभं राहायचं, आपलं नाव, नवऱ्याचं नाव, गाव सांगायचं आणि मग घरात खाणारी तोंडं किती ते. तोंडांचा आकडा मोठ्यानं सांगायचा, कारण हळू सांगितला तर मुकादम एक कमी लिहितो अशी सगळ्या बायांची खात्री होती. चारचौघांत उभं राहून बोलण्याचा तुला आयुष्यात तेवढाच सराव.

पुढं लातूर जिल्हा झाला. गावंच्या गावं नव्या कचेरीकडं तोंड करून निघाली, त्यात आपणही. पत्र्याची खोली, बाबांना हमाली, आजी सोबत, ताईचं लग्न आधीच झालेलं. तुला कचेरीत पाणी भरायचं काम मिळालं, रोजंदारीवर. साहेब, शिपाई, कामाला आलेले पाटील, देशमुख, सगळे तू भरलेल्या माठातलं पाणी प्यायचे. पहिल्या दिवशी घरी येऊन तू चुलीपाशी बसलीस आणि बाबांना म्हणालीस, आवं, कुणी इचारलंच न्हाई. आणि किती तरी वेळ हसत होतीस. मला तेव्हा त्यातलं हसू कळलं नव्हतं.

त्याच वर्षी वस्तीतल्या आम्ही पोरांनी ठरवलं की जयंतीला नुसता कर्णा वाजवायचा नाही, कुणाला तरी बोलवून सगळ्यांसमोर गप्पा मारायच्या. भाषण नको, एकानं विचारायचं, एकानं सांगायचं, मग लोकांनी विचारायचं. पहिले पाहुणे नांदेडकडचे एक प्राध्यापक, अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये राहून, त्यांच्या लढ्याचा अभ्यास करून आलेले. विषय ठेवला होता न्याय आणि माणसाचा राग. मी ॲम्प्लिफायर लावला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की हे यंत्र अमक्यानं स्वतः तयार केलेलं आहे. प्राध्यापक चांगलं बोलले. तिकडं बसमध्ये उठवून मागं बसवायचे, हे सांगितलं तेव्हा मागं बसलेल्या बाया च्च च्च करत होत्या. मग त्यांच्याशी बोलायला बसलेल्या आमच्या मित्रानं विचारलं, कुणाला काही प्रश्न? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला निराळीच काळजी, मागपर्यंत आवाज पोचतोय का. मागं तू होतीस. मी लांब वायरचा माईक तुझ्या हातात दिला आणि हळूच म्हणालो, ऐकू येतंय का तेवढं सांग.

तुला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तू उभी राहिलीस. पदर नीट केलास. समोर दोन माणसं खुर्चीवर बसलेली, एकाच्या हातात कागद, हे पाहिल्यावर तुला दुसरं काय सुचणार. आपलं नाव सांगितलंस, बाबांचं सांगितलंस, गाव सांगितलंस आणि खणखणीत म्हणालीस, "खाणारी तोंडं पाच. एक लगीन होऊन गेली, पर ती बी खाऊनच जाती."

मंडप हसून हसून आडवा झाला. ताई समोरच बसली होती, तिनं तोंड झाकलं. मला वाटलं आत्ता फ्यूज उडावा. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. उठले, खुर्ची मागं सरकवली, सरळ उभे राहिले आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, देगलूरजवळचं गाव असं सगळं तुझ्यासारखंच सांगितलं. मग म्हणाले, "खाणारी तोंडं सात. त्यात सासरे एक, ते दोघांचं खातात." तू मान हलवलीस, जसं काही तुझ्याकडचं लिहून झालं, आणि म्हणालीस, "हां. आता बोला."

मग त्यांनी विचारलं, माय, तुम्हाला राग येतो का? तू सांगायला लागलीस. तलावाच्या कामावर पाणी पाजायला वरच्या आळीतली एक बाई लावलेली होती. बाकीच्यांना ती तांब्या हातात द्यायची. आपल्या वस्तीतल्या बायांनी ओंजळ धरायची आणि तिनं वरून ओतायचं, हात उंच करून, शिंतोडा उडू नये म्हणून आणखी उंच. उन्हात खडी फोडून आलेल्या बायांनी वाकून उभं राहायचं. पुण्याच्या माणसाला पाहिजे ते एवढंच. इथं तुझा आवाज जरा बारीक झाला आहे, आणि कॅसेटवर कुणाचं तरी लेकरू रडतंय.

पण तू थांबली नव्हतीस. म्हणालीस, आमी काय केलं, हळू प्यायला लागलो. एक घोट घ्यायचा, ओंजळ धरूनच इकडंतिकडं बघायचं, मग दुसरा घोट. तिचा हात वर. आमी पाच-सहा जणी, एकीचं झालं की दुसरी त्याहून हळू. तिचा हात कापायला लागायचा, पाणी तिच्याच अंगावर पडायचं, लुगडं भिजायचं. तिला बोलता येईना, कारण आमी काही वावगं करत नव्हतो. घरी जाताना आमी हसून हसून रस्त्यात बसायचो. एक दिवस मात्र तिलाच हसू फुटलं. "म्हणली, पुरे की गं रांडांनो, हात गळून पडला माझा. अन् खाली बसली ना ती. घागर ठेवली भुईवर. मग आमीच घेतलं आमच्या हातानं, अन् तिला बी दिलं."

मंडपात पुन्हा हसू. प्राध्यापकांनी विचारलं, मग पुढं? तू म्हणालीस, पुढं काय, दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला खडीवर धाडलं आणि दुसरी आणली पाण्यावर. ती हसत नव्हती. "त्या दिशी आला बगा राग. इतके दिस न्हाई अन् त्या दिशी हातोडी फेकावी वाटली."

प्राध्यापक खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, हसण्यानं मुकादम बदलला नाही, हे मात्र खरं ना? तू म्हणालीस, हाव, ते बी खरंच हाय. ते म्हणाले, पण आदल्या दिवशी घागर भुईवर बसलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती. तसं होऊ शकतं हे एकदा कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशीचं सहन झालं नाही. तुमचा राग त्या हसण्यातूनच आलेला आहे, माय.

ते त्यांचं वाक्य तू घरी आणलंस. भाकरी थापता थापता बाबांना दोनदा सांगितलंस, मास्तर शाना हाय, त्याला बरोब्बर कळलं. मला वाटलं आता माझ्या यंत्राचं काही बोलशील. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मशीन कुणी केलं ते कुणी इचारलं होतं का तुला? लई फुगू नको." मला त्या दिवशी फार लागलं होतं. तेव्हापासून ओट्यावर माझं नाव मी घेतलेलं नाही, दुसरे घेतात.

तुझी चूक मात्र आमच्या ओट्याची रीत होऊन बसली. जो बोलेल, पाहुणा का असेना, त्यानं उभं राहून नाव, गाव आणि घरात खाणारी तोंडं सांगायची. त्याशिवाय मागच्या बाया त्याचं ऐकतच नाहीत. मोठमोठे येऊन गेले. दिल्लीचे एक विद्वान होते, समतेवर जाड जाड ग्रंथ लिहिलेले. उभे राहिले, नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाले, एक. मागून एक म्हातारी म्हणाली, अगं बया, एकच? ते बसले आणि ठरलेला विषय सोडून एकट्यानं जेवण्यावर बोलत राहिले. शिकून वर गेलेल्या माणसाला मागं परतता येत नाही आणि पुढं कुणी पंगतीला घेत नाही, असं बोलले. इतकं खरं मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. त्यांना जेवायला तुझ्या सुनेनं घरी आणलं, मी सांगायच्या आधीच.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यानंतर अमेरिकेतून एक काळ्या बाई आल्या होत्या. नांदेडच्या एका मुलीनं दुभाषाचं काम केलं. बाईंनी तोंडं सांगितली सहा, आणि मेलेली आजी धरून सात, कारण तिच्यासाठी अजून ताट वाढतात म्हणे. बाया खूश झाल्या. मग तुझ्या वेळची एकजण उठली आणि विचारलं, दुष्काळात ती लाल मिलो यायची ती तुमच्याच मुलखातली ना, तुमी बी खाता का? दुभाषी मुलगी लाजली. मी म्हणालो, विचार, जसं आहे तसं विचार. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडं ती ढोरांना घालतात. मग म्हणाल्या, मालक जे फेकून द्यायचे त्याचंच आमच्या आज्यांनी जेवण केलं, आणि आज तेच जेवण लोक पैसे देऊन खातात. त्यानंतर मिरचीचं पाणी कसं शिंपडायचं, यावर अर्धा तास गेला. मी एकही मिनिट कापलेलं नाही. तू असतीस तर त्यांना हात धरून चुलीपाशी नेलं असतंस.

तर पुण्याचा तो. मी त्याला विचारलं, हसणं का नको? तो प्रामाणिकपणे म्हणाला, काका, ऐकणारा हसला की त्याला वाटतं, चला, इतकं काही वाईट नव्हतं, आणि तो मोकळा होतो. मला त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटलं नाही. मी म्हणालो, मग रागाचा भाग तरी घ्या, दुसऱ्या दिवसाचा. तो म्हणाला, हसण्याशिवाय तो राग समजत नाही. मी म्हणालो, बघा, तुम्हीच म्हणालात. तो हसला. चहा घेतला. जाताना पुन्हा म्हणाला, विचार करा.

टेपमधली घरघर मी स्वतः काढली आहे, कॉम्प्युटरवर, कुणाकडून न शिकता. ते रडणारं लेकरू ठेवलं आहे. बायांचं हसणं ठेवलं आहे. तू 'हां, आता बोला' म्हणतेस तिथं खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, तोही ठेवला. येत्या जयंतीला पुरं ऐकवणार आहे, ताई येईल, तिचे नातू येतील. तुला वाचता येत नव्हतं, तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मध्ये तू म्हणाली असतीस, लई लांबण लावलंस. म्हणून हे पत्र कुठं टाकायचं नाही, घरातच राहील.

एक गोष्ट मात्र तुझ्या सुनेलाही सांगितलेली नाही. मी त्याला तोंडावर नाही म्हणालो असं घरात सगळ्यांना वाटतं. तसं झालं नाही. मी दोन दिवस मागून घेतले होते. नवे स्पीकर, ओट्यावर पक्कं छप्पर, सगळं मनात बांधून झालं होतं. तिसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हणालो. तुझ्या बोलण्यातला ओंजळीचा तेवढा तुकडा, आणि बाकीचं कायमचं बंद ठेवायचं, याचे तो देत होता दीड लाख रुपये.